खिडकीजवळचं टेबल

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. इस्त्रीच्या हॉलला खिडकी एकच, आणि तिच्याजवळचं टेबल पाळी जायला लागलेल्या बाईचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण अंगातून वाफा निघायला लागल्या की आधीची बाजूला होते आणि नवीला तिथे उभं करते. सध्या तिथे मी होते, आणि इतक्यात हलायचा माझा विचार नव्हता.

धाकटी आमच्यात सगळ्यांत लहान, एकतीस वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तोंडाची टकळी अखंड चालू. उशीचा अभ्रा टेबलावर तिरका ठेवायची, एक टोक खाली, दोन आत खोचायची आणि मला विचारायची, "मावशी, बाळाला असंच गुंडाळतात ना?" मुकादमीण ओरडली की हसत अभ्रा उलगडायची आणि सरळ चौघडी घालायची.

वर्षभर तिला दरदरून घाम फुटत होता. आम्ही तिला सोडतोय थोड्याच! "वाफेत काम करायचं आणि घाम नको? महाराणीच लागून गेलीस!" तीही हसायची. दुसरीकडे कामाला असती तर कुणीतरी हटकलं असतं. इथे सगळ्याच घामाने निथळणाऱ्या, कोणाला काय कळणार?

मग पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. घरी केलेल्या चाचणीत काही दिसलं नाही, तर म्हणाली चाचणीच खोटी. शेवटी नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मला म्हणाली, "मावशी, अंडाशयांचं काम थांबत आलंय म्हणे. तुमच्या वयाला व्हायचं ते माझं आत्ताच. तो घाम वाफेचा नव्हता."

"औषध असेल ना काहीतरी?"

"हाडांसाठी गोळ्या आहेत. मुलासाठी नाहीत. दुसरीचं बीज घ्यायचं का, विचारलं. हे म्हणाले, बघू. काल घरी आल्यापासून टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेत."

मला त्या वाफेचा भयंकर संताप आला. रडूही आलं, पण तिच्यासमोर कसं रडायचं?

दुपारी हॉलच्या मधोमध तिची मान लाल झाली, मग चेहरा. हातातली इस्त्री तिने कशीबशी उभी ठेवली. मी माझी इस्त्री बंद केली, पाण्याची बाटली उचलली आणि तिच्याजवळ गेले.

"जा, खिडकीपाशी जा."

त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

"नको ना मावशी," ती हळूच म्हणाली. "तिथे गेले की संपलंच सगळं."

मी बाटली तिच्यापुढे धरली. घाम तिच्या हनुवटीवरून चादरीवर टपकत होता. शेवटी तिने पदराला तोंड पुसलं आणि खिडकीकडे गेली.

सुट्टी होईपर्यंत तिने अभ्र्यांना इस्त्री केली. मुकादमीण एकदाही ओरडली नाही. सगळे अभ्रे सरळ चौघडी घातलेले होते.