पुलावरचा जाम

मस्तगडाहून बियाण्याच्या कंपनीत मी आणि माझी मैत्रीण सायकलीवर जायचो. शेजारीशेजारी, हँडलला हँडल लागेल इतक्या जवळ. कामावर ती पॅकिंगला, मी निवडायला. जेवणाची सुट्टीसुद्धा वेगळी. घरी तर मला बोलायला कुणीच नाही. त्यामुळे जे काही बोलायचं ते रस्त्यावरच. तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी मला तोंडपाठ होती.

मग गाड्या वाढल्या. दोघी बरोबरीनं निघालो की मागून हॉर्नचा कल्ला. एकीमागे एक जायला लागलो, तर मी तिच्या पाठीकडे बघत बोलायचे आणि ती "काय?" म्हणून ओरडायची. पुढे रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टा आखला तेव्हा मी हरखले. थोड्याच दिवसांत त्याच्यावर चारचाक्या उभ्या राहिल्या. त्याच सुमारास तिच्या मुलानं कार घेतली आणि कामावर जाता-येता तो तिला आमच्या कंपनीच्या गेटवर सोडायला आणि परत न्यायला लागला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटातही दुखलं.

एकदा पुलावर जाम लागला. गाड्यांच्या फटीतून सायकल काढताना ती मागच्या सीटवर दिसली, नव्या नवरीसारखी अंग चोरून बसलेली. मी काचेवर टकटक केली. काच खाली करून ती म्हणाली, "अगं, किती दिसांनी! ऐक, काल काय झाल्तं…" जाम सुटेपर्यंत आम्ही बोललो. तेव्हापासून सगळी दुनिया जामला शिव्या द्यायची आणि मी निघताना म्हणायचे, देवा, आजही लागू दे. देव बहुतेकदा ऐकायचा. त्याला काही करावंच लागत नव्हतं.

मागच्या महिन्यात तिचा मुलगा स्टिअरिंगवरून मागे वळून म्हणाला, "मावशी, उद्यापासून आम्ही बायपासनं जाणार. इथं लई टाइम जाऊन राह्यला."

"बरं झालं बाई, जल्दी पोचू," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, तेच लागलं.

"बराबर हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुलावर नेहमीसारखाच जाम होता. ती नाही हे माहीत असूनही मी प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटकडे बघत गेले. मग मध्येच पाय टेकून थांबले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, सायकलपुरती जागा हाय ना, निघा की!"

जागा होती. मला पुढे जावंसंच वाटेना.