लुगड्याच्या काठाचा मासा

स्पिरिटचा वास आला की आमच्या गावातल्या मळमड्डी भागातली ती दुपार अजून माझ्या मानगुटीवर बसते. आमचे प्राणिशास्त्राचे सर घरच्या टेबलावरच्या बाटलीवर आठवडाभर असे वाकले होते, की बाटलीपासून सोडवायला मान कापायची वेळ येते की काय! बाटलीत प्रवाळखडकातला गोबी मासा होता, एवढा इवला, की मी शिंकलो असतो तर तो थेट गावाबाहेरच्या केलगेरीच्या तळ्यात पडला असता. तो सरांच्या थोरल्या भावानं, अण्णांनी, कारवारच्या समुद्रात बुडी मारून आणला होता. पुढच्या बुडीतून अण्णा वर आलेच नाहीत. त्यांची शेवटची कमाई म्हणून माशाची जात तरी ठरवायची, तर पुस्तकात दोन जाती हुबेहूब, फरक फक्त रंगाचा, आणि स्पिरिटनं रंग पार खाऊन टाकलेला. "पण सर, जिवंत कुणी बघितलाय?" मी विचारलं. "मी," दारातून आवाज आला. आलवणातल्या वहिनी, अण्णांच्या पत्नी. त्यांनी ट्रंकेच्या तळातून इरकली लुगडं आणलं. "भाऊजी, किनाऱ्यावर मी हेच नेसले होते. हे म्हणाले, बघ, तुझा काठ पोहतोय." लाल काठ, मधोमध पिवळी रेघ. जात ठरली. सरांनी पुसायला काढलेला चष्मा परत घातलाच नाही. "एकदा पाण्यात सोडा ना त्याला," वहिनी म्हणाल्या. पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यामागे त्यांनी काठ धरला, आणि तो पांढराफटक मासा लुगड्याच्या लाल सावलीतून खाली निघाला. आजवर मी ढीगभर थापा मारल्या आणि लोकांनी हसत पचवल्या, पण तळाशी जाता जाता तो मासा वळला, आणि वहिनी हळूच "आलात?" म्हणाल्या, एवढं मात्र मी कुणाला सांगत नाही.