बत्ताशाएवढं हाड

आमच्या प्रयोगशाळेत पेशींना जेवण घालतात. म्हणजे बशीतला शिळा गुलाबी द्रव काढून ताजा घालायचा, एक दिवसाआड. रविवार असो नाहीतर लक्ष्मीपूजन, पेशींना सुट्टी कळत नाही. अठरा वर्षं मी हेच करते आहे आणि मला कंटाळा आलाय, हे आता मोकळेपणानं सांगते.

त्या पेशी एका पांढऱ्या, भोकाभोकांच्या साच्यावर पेरतात. दिसायला थेट बत्तासा. हाडाचा तुकडा गेला असेल तिथे तो बसवायचा, पेशींनी त्यात नवं हाड धरायचं आणि साच्यानं हळूहळू विरघळून जायचं. हे सगळं अजून सशांवरच चाललं आहे.

माझ्या यजमानांची नोकरी खडकीला. एका रविवारी गावाहून परतताना कात्रजच्या उतारावर एका ट्रकनं ह्यांची स्कूटर उडवली आणि नडगीचं चार बोटं हाड गेलं. पायाला बाहेरून लोखंडी कडी लावली. डॉक्टर म्हणाले, कमरेचं हाड काढून तिथे भरू, दीड महिन्यानं या.

मी घरी आले की हे विचारायचे, "काय म्हणतायत तुझ्या पेशी?"

"चिकटल्या. वाढतायत," मी चप्पल काढता काढता सांगायची. आम्ही प्रयोगशाळेतले लोक असंच बोलतो. कुणासाठी, कधी, हे कुणी बोलत बसत नाही. एकदा पेशी न पेरलेला एक टाकाऊ साचा कुपीत घालून दाखवायला आणला. ह्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. मला तेव्हाच उमगायला हवं होतं. उमगलं नाही म्हणणं अर्धंच खरं. कुपीकडे बघताना ह्यांचा चेहरा खुलायचा, आणि मला दिवसभराच्या दमणुकीनंतर तो चेहरा हवा होता.

शस्त्रक्रिया तीनदा पुढे गेली. आधी ताप, मग भाच्याचं लग्न, मग कारणच नाही. आठव्या महिन्यात डॉक्टर माझ्यावर उखडले. "अहो, आपण वाट कशाची बघताय? घोटा आखडत चाललाय. आणखी थांबलात तर पायाची खात्री मी देणार नाही."

परतताना रिक्षात मी ह्यांना तेच विचारलं.

"तुझं ते तयार होतंय ना? मग कमर कशाला फोडून घेऊ?"

"अहो, ते सशांसाठी आहे. माणसापर्यंत कधी येईल, कुणालाच माहीत नाही."

शनिवार पेठेत घरापाशी रिक्षा थांबल्यावर ह्यांनी भाड्याचे पैसे दिले. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने मला सशांची खुशाली सांगत होतीस."

मला रडू आलं. ह्यांचा रागही आला, इतका भोळा विश्वास ठेवलाच कशाला म्हणून.

पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. पाय राहिला. घोटा मात्र आता पुरता वाकत नाही, जिना उतरताना हे आडवे उतरतात. ते माझ्यामुळे.

शस्त्रक्रियेचा दिवस पेशींच्या जेवणाचा होता. प्रयोगशाळेतली सोबतची बाई रजेवर होती आणि मी ह्यांच्या खाटेपाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "जेवण घातलंस त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले.

"माझे आठ महिने गेले ते गेले. पुढच्या कुणाची तरी कमर वाचू दे. ऊठ, जा."

उठायचं त्राण नव्हतं, तरी गेले. द्रव पिवळा पडला होता, बशीतल्या निम्म्या पेशी सुटून तरंगत होत्या. उरलेल्यांना जेवण घातलं आणि बसनं दवाखान्यात परतले.

"काय म्हणतायत तुझ्या पेशी?"

"निम्म्या मेल्या. उरल्यात त्या सशांसाठी."

हे नुसतं "हं" म्हणाले आणि कूस बदलायला माझा हात मागितला.