उघड्यावरचा रूळ

"थांबा. गाडी जाऊ द्या."

असं म्हणून तात्या उजवा हात आडवा धरायचे आणि रस्त्यावरची माणसं थांबायची. गाडी म्हणजे आमच्या साखर कारखान्याची उसाची ट्राम. ती बंद पडली तेव्हा मला मिसरूड फुटत होतं, आता डोक्यावर केस शोधावे लागतात. पण तात्यांच्या हातापुढे नवरदेवाची घोडीसुद्धा थांबलेली मी माझ्या गिरणीच्या दारातून पाहिली आहे. तात्या सावकाश डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "जावा आता. लाईन मोकळी हाय."

तात्या त्या ट्रामचे ड्रायव्हर. अरुंद रूळ, छोटं इंजिन, मागे उसाने भरलेले डबे. मळ्यांतून निघायची, गावातून जायची, कारखान्यावर रिकामी व्हायची. आमच्या वयाच्या ज्याने तिच्यातला ऊस ओढला नसेल, त्याने खुशाल हात वर करावा. तात्या मागे वळून शिव्या द्यायचे आणि नेमका शाळेपाशी वेग कमी करायचे.

पुढे ट्रक-ट्रॅक्टर आले, ट्राम थांबली, रूळ उखडून भंगारात गेले. फक्त तात्यांच्या दारासमोर रस्त्यात रुतलेला एक तुकडा राहिला. तो का राहिला, याची हकिगत ऐकणाऱ्यागणिक बदलायची. मला सांगितलं, साहेबांनी बक्षीस दिला. तलाठ्याला सांगितलं, खाली बोगदा आहे. तलाठी बरेच दिवस तिथून जपून चालत होता.

मग रस्ता रुंद करायला ठेकेदार आला. "बाबा, उद्या हा रूळ काढणार," म्हणाला. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. गिरणीत येऊन पोत्यावर बसले.

"ह्यो बी गेला, तर मी जन्मभर काय केलं, ह्ये कोन सांगनार?"

मी त्यांना चहा दिला.

सकाळी बघतो तर रुळाला शेंदूर फासलेला, पुढे नारळ, उदबत्ती. जेसीबीवाल्याने खाली उतरून चपला काढल्या. ठेकेदाराने मुकाट्याने रस्त्याला वळण दिलं. तुम्ही आमच्याकडे आलात आणि सरळ रस्ता मध्येच का वाकला असा प्रश्न पडला, तर उत्तर हे आहे. तात्या माझ्या शेजारी बसून त्याच नारळाचं खोबरं चावत म्हणाले, "जागृत हाय बरं का."

देव भलताच जागृत निघाला. हंगाम सुरू होताना ट्रॅक्टरवाले नारळ फोडायला लागले. मंडळ निघालं. मंडळाने ठरवलं की रुळावर संगमरवरी फरशी बसवायची आणि वर देऊळ बांधायचं. तात्यांचं खोबरं घशातच अडकलं. देव वाचणार होता आणि रूळ गाडला जाणार होता.

पारावरच्या बैठकीत ते उभे राहिले. "आरं, ह्यो देव न्हाई. ट्रामचा रूळ हाय. शेंदूर म्याच फासलाय."

लोक भक्तिभावाने हसले. एकजण तर पायाच पडला. "तात्या, तुमी निमित्त. फासून घेनारा त्यो."

तात्यांनी डोळे मिटले. मग खर्जातल्या आवाजात म्हणाले, "राती दृष्टांत झालाय. डोक्यावर छप्पर नको. अंगावर फरशी नको. शेंदूर बी आता पुरे. दर शनवारी निस्तं तेल."

उघड्यावरच्या आणि तेलाच्या देवावर आपल्या जिल्ह्यात कोण शंका घेणार? ठराव बिनविरोध झाला.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "तेल कशाला?"

"न्हाईतर गंजंल की."

पहिल्या शनिवारचं तेल त्यांच्याच घरून आलं. काकू दारातून ओरडत होत्या, "माझं करडईचं त्याल लोखंडाला पाजतोय म्हातारा. गाडी येनार हाय व्हय तुमची?"

"आली तर कुरकुरायला नको," तात्या म्हणाले आणि उरलेली वाटीही ओतली.

तात्या यंदाच्या उन्हाळ्यात गेले. तिरडी दारातून निघाली आणि रुळापाशी येताच आम्ही चौघे खांदेकरी, काही न ठरवता, थांबलो. आदल्याच दिवशी शनिवार झाला होता, रूळ तेलाने चमकत होता. आम्ही डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पण पुढे जा म्हणणारा आमच्या खांद्यावर होता, आणि त्याने सांगितल्याशिवाय पाय उचलेना. मला रडू फुटलं.

मागे दारात काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी पदर बाजूला केला.

"जावा आता," त्या म्हणाल्या. "लाईन मोकळी हाय."