शेवटी बोलणाऱ्या बाई

आमच्या आयसीयूमध्ये इन्चार्ज बाई सर्वांत शेवटी बोलायच्या. चंद्रपूरच्या त्या रुग्णालयात मी नवीन होते, तेव्हा मला वाटायचं, यांना काही ठरवताच येत नाही. कुणाला वॉर्डात पाठवायचं, कुठला पेशंट कुणाकडे द्यायचा, काहीही असो, बाई आधी सर्वांत नव्या सिस्टरकडे वळायच्या. ती मी होते.

“मी आधी बोलली का तुम्ही साऱ्या मुंड्या हलवता,” त्या म्हणायच्या. “मंग माही चूक कोन पकडन?”

इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, आणि मुळात मला बोलायचंच नसायचं. बाई घाई करत नसत. हातांवर सॅनिटायझर चोळत उभ्या राहायच्या. हात वाळले तरी चोळत राहायच्या.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एका दुपारी मूल गावाहून फोन आला. साप चावलेल्या एका बाईला घेऊन ॲम्ब्युलन्स निघाली होती. तिला श्वास घेता येत नव्हता, आणि आमच्याकडे बेड नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन नंबरचे आजोबा सुधारलेत, त्यांना हलवू. मॉनिटरवरचा ऑक्सिजनही छान होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“सकाळी ते मला शिव्या देत होते,” मी पुटपुटले. “आता देत नाहीत.”

कुणीतरी हसलं. बाई आजोबांपाशी गेल्या, खांदा हलवून हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि लगेच मिटले. रक्त तपासलं, तर कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला; त्याचीच ती गुंगी.

“आजोबा इथीच राहतीन,” बाई म्हणाल्या. “सर, पाच नंबर पाठवू. वॉर्डात मी सोता जाऊन पाहत राहीन.” डॉक्टरांनी ऐकलं. मूलच्या बाईला बेड मिळाला, आणि पुढे ती चालत घरी गेली.

मला शाबासकी मिळाली नाही. “मोठ्यानं बोलत जा,” बाई म्हणाल्या. “अर्धं ऐकूच नाई आलं.”

दोन दिवसांनी आजोबांनी मला खणखणीत शिवी दिली. बाई लांबूनच म्हणाल्या, “आता हलवा यायले वॉर्डात.”

काही वर्षांनी बाई त्यांची जागा मला देऊन निवृत्त झाल्या, त्या दिवशीही एक बेड हवा होता. राजुऱ्याहून आलेली नवी मुलगी आधी बोलली. मग बाकीच्या. मग, माझ्या आधी, बाई बोलल्या. आणि सगळ्यांसारख्याच माझ्याकडे बघत थांबल्या.

मी हातावर सॅनिटायझर घेतलं.