नवरीचं तिकीट

आमचं वऱ्हाड वडनेरहून परत निघालं तेव्हा मोटारीत सगळ्यांची तिकिटं होती, फक्त नवरीचं नव्हतं. तिची आत्या पाठराखीण म्हणून सोबत आली होती, तिचंही नव्हतं. यात चूक सासऱ्यांची, असं मी पुढे कित्येक वर्षं घसा फोडून सांगत आलो. अजूनही सांगतो. फक्त बायको घरात असली की आवाज थोडा खाली येतो.

तेव्हा नागपूरकडचा आमचा भाग मध्यप्रदेशात होता, मुंबई राज्याला जोडला गेला नव्हता. मी बैलांची दलाली करायचो. आईबाप लहानपणीच गेले. दोर, कासरे, घुंगुरमाळा खांद्यावर टाकून मी बाजारामागून बाजार फिरलो आणि त्यातूनच जोड्या पारखायला शिकलो. माझ्या लग्नाची बोलणी करायला घरात कोणी वडीलधारं नव्हतं, एक मोठी बहीण तेवढी होती. म्हणून ती बोलणी मीच केली आणि बैलांची करतो तशीच केली. वऱ्हाडाचा जाण्यायेण्याचा मोटारखर्च मुलीकडच्यांनी करायचा, हे मी सासऱ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. त्या दिवशी मोठं मैदान मारल्यासारखं वाटलं होतं.

निघायच्या वेळी वडनेरच्या रस्त्यावर, निंबाखाली, अर्धं गाव जमलं होतं. सासऱ्यांनी तिकिटांचा पुडका माझ्या हातात ठेवला. मी तिथंच मोजायला लागलो.

"दोन कमी हायेत, मामाजी."

"कमी कायचे? आले तेवढे मोजले, तेवढे काढले."

"अन् नवरीचं?"

"लगीन लागलं ना आता? नवरी तुमची."

"घरी पोचेपर्यंत पोरगी तुमची. बोलन्यात काय ठरलं होतं?"

सासऱ्यांचे डोळे रडून लाल झाले होते, पण जीभ शाबूत होती. ते म्हणाले, "तुमच्या बाजारातली रीत काय हाय, जवाईबापू? कासरा हातात घेतला का तथून पुढं वैरण घेनाऱ्याची. का मले कोनी चुकीचं सांगतलं?"

सगळे हसले. माझ्याकडचे हसले, कंडक्टरही हसला. ती रीत मी किती बाजारांत किती गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारली असेल! आज तीच माझ्या तोंडावर बसली होती, तीही बाशिंग बांधलेलं असताना. मी काही बोलणार तोच ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

ती माझ्या शेजारीच उभी होती. दुसरीकडे जाणं तिला शक्यच नव्हतं, कारण तिचा शेला माझ्या उपरण्याला बांधलेला होता. बैलाच्या बाजारातला नियम तिला लावला गेला आणि तो लावणारा तिचा बाप होता, ऐकून घेणारा तिचा नवरा. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मीही नाही. मी सासऱ्यांकडे पाहत होतो.

पैसे माझ्या खिशात होते. पैशांची अडचण नव्हती. पण ते बाहेर काढायचे म्हणजे अख्ख्या वडनेरसमोर हरलो म्हणायचं. मोटार सुरू झाल्यावर कंडक्टर जवळ आला. "बापू, नवरीचं अन् त्या बाईचं काढून टाका ना आता."

"ज्याची पोरगी त्याले माग," मी म्हणालो.

तो तर मागे निंबाखाली राहिला होता. कंडक्टर बिचारा म्हणाला, "बरं, हिंगणघाटले पाहू." हिंगणघाटला गर्दी चढली. तो माणसांतून वाट काढत माझ्या दिशेनं येताना दिसला तशी मी मान खिडकीबाहेर वळवली. मुद्दाम वळवली. हे त्यालाही कळलं. तो परत फिरला.

जामच्या फाट्यावर चेकरनं हात केला. मोटार थांबली आणि तो मागच्या दारानं चढला. उंच, घामाघूम, खाकी टोपी काखेत. पहिली आत्याच सापडली.

"टिकट?"

"मी त नवरीसंगं हाय, बाप्पा."

"नवरीचं कुठं हाय?"

"नवरीचं नवऱ्यापाशी. आनखी कोनापाशी राहीन?"

मोटारीत हशा पिकला. चेकर माझ्याकडे आला. मी पुडका दिला. त्यानं तिकिटं पाहिली, वऱ्हाडातली डोकी मोजली. "दो कम है. ह्या दोन सवाऱ्या कोनाच्या?"

वडनेरचं हसू अजून माझ्या कानात होतं. मी म्हणालो, "माह्या नाईत. वडनेरले जाऊन विचारा."

चेकरनं माझ्या कपाळावरचं बाशिंग पाहिलं. मग आमच्या दोघांच्या मधे बाकावर पडलेली गाठ पाहिली. "तुमच्या नाईत? मंग हे गाठ कोनं मारली? मैंने?"

पुन्हा सगळे हसले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडलो, "तुमी तिकिटं पाहाले आले का लगनं लावाले? उतरवाचं असंन त उतरवा त्यायले!"

ओरडलो मी चेकरवर. ऐकलं तिनं.

तिनं बाकावरची गाठ उचलली आणि सोडायला लागली. ती गाठ घरी पोचल्यावर, देवासमोर, नवऱ्याच्या बहिणीनं सोडायची असते. मधे कोणी हात लावत नाही. तिच्या नखांत हळद होती, हातभर हिरव्या बांगड्या होत्या. गाठ घट्ट होती. तिनं घाई केली नाही. गाठ सुटली तेव्हा आतली सुपारी माझ्या उपरण्यात पडली, ती तिनं तशीच राहू दिली. मग कंडक्टरला म्हणाली, "मामा, वरची पेटी देता का उतरवून?"

तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

ती उतरली. मागोमाग आत्या उतरली, मला ऐकू जाईल अशी म्हणत, "असा कसा मानूस पाह्यला व माय तुह्या बापानं! यापक्षा त एखादा दगड बरा होता."

दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. नागपूरकडून हिंगणघाटकडे जाणाऱ्या मोटारी तिकडे थांबत. पेटी खाली ठेवून ती माहेरच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. वडनेरला परत जायला जी मोटार लागते तिची वाट पाहत.

आता मोटारीत कोणी हसत नव्हतं. माझे दोस्त खिडकीबाहेरचं रान बघत होते. चेकरचाही नूर उतरला. "अरे भाई, मैंने ऐसा थोडी बोला था," असं काहीतरी पुटपुटला. कंडक्टर माझ्याजवळ वाकून म्हणाला, "बापू, उतरा. मी थांबवतो मोटार. पन तिकडची गाडी आली त माह्या हातात काई नाई."

मी दंडासकट दोन तिकिटं घेतली आणि रस्ता ओलांडला. ऊन भाजत होतं. बाशिंग नाकावर घसरत होतं.

"तिकीट काढलं," मी म्हणालो. "चाल."

आत्या बोलली, "आत्ता काढलं व्हय?"

"दंडासकट काढलं!" म्हणजे तिथंही मी खर्चच दाखवत होतो.

हिंगणघाटच्या रस्त्यावरून नजर न काढता तिनं विचारलं, "कोनाची सवारी म्हनून काढलं?"

मोटारीतलं कोणी ऐकत नाही ना, हे मी आधी वळून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणालो, "माही."

"अथी नोका सांगू," ती म्हणाली आणि हनुवटीनं मोटार दाखवली. "तथी नाई म्हनलं ना? मंग तथीच सांगा."

लांबून, नागपूरच्या बाजूनं, धुरळा उठलेला दिसत होता. ती कुठली मोटार, कुठं जाणारी, हे काही ठाऊक नव्हतं. मी रस्ता ओलांडून परत आलो, पायरीवर चढलो आणि चेकरला म्हणालो, "साहेब, त्या दोघी माह्या सवाऱ्या हायेत." म्हणजे, म्हणालो ते घशातच. मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "काय म्हनलं? आयकू नाई आलं!" मी पुन्हा म्हणालो. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"ठीक है," चेकर म्हणाला. "बसवा." तो हसला नाही, याचासुद्धा मला त्या वेळी राग आला.

ती आली, बसली. आत्या गाठ पुन्हा मारायला लागली तशी तिनं शेला आपल्याकडे ओढून घेतला. तिकिटं मात्र माझ्या हातातून घेतली, दोन्ही.

घरी बहीण दारात उभी होती. ओवाळायचं ताट, भाकरीचा तुकडा, पाण्याचा गडू, सगळं तयार. उंबऱ्यावर तिची नजर माझ्या मोकळ्या उपरण्यावर गेली. "आता व माय! गाठ कोनं सोडली? माहा मान होता तो!"

आत्यानं तोंड उघडलं. माझे दोस्त जागच्या जागी उभे राहिले. अंगणात सगळी आळी गोळा झालेली. जामच्या फाट्यावर मी नवरीची जी शोभा केली होती तीच माझ्याच दारात, माझ्याच माणसांसमोर, एका वाक्यात तिला माझी करता आली असती.

"मोटारीत लय गर्दी होती, बाई," ती खाली पाहून म्हणाली. "सुटली."

बहिणीनं कुरकुरत गाठ नवी मारली आणि लगेच सोडली, गाठ सोडण्याचं मानाचं लुगडं घेतलं. मी पाटावर चोरासारखा बसलो होतो. सासऱ्यांवर त्याच रात्री रागावायला सुरुवात केली. तो राग मी फार जपला. तो हाताशी असला की दुसरं काही आठवावं लागत नसे.

बऱ्याच वर्षांनी एकदा तिला विचारलं, तू त्या दिवशी दारात खरं का नाही सांगितलंस? ती चुलीपुढं भाकर थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "सांगतलं असतं त तुमी अथीबी भांडले असते."

भांडलोच असतो.