चौतीस पट्ट्या

माझ्या धाकट्या बहिणीला खोटं बोलता येत नाही. लोक हा तिचा सद्गुण मानतात. मी त्याचे चटके खाल्ले आहेत. उभं आयुष्य मी नाटकात काढलं. प्रयोग संपला की माणसं रंगपटात यायची, डोळे पुसायची, "काय काम केलंत आज!" म्हणायची. त्या गर्दीच्या मागे ही पर्स पोटाशी धरून उभी असायची. सगळे गेले की जवळ येऊन म्हणायची, "ताई, दुसऱ्या अंकात तू रडत होतीस ना, तेव्हा मला वाटलं तुला चप्पल चावतेय." आणि खरोखरच चप्पल चावत असायची!

एकदा मी तिला एका वाक्याचं काम दिलं होतं. मोलकरीण व्हायचं आणि "मालक घरात नाहीत" एवढंच म्हणायचं. पण मालक विंगेत उभे राहून चहा पिताना तिला दिसत होते. बाईसाहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मालकांनीच विंगेतून "नाहीत, नाहीत" असं ओरडून सांगितलं. त्या दिवसापासून तिनं नाटकाचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही.

पुढे ती पंख्यांच्या एका मोठ्या कारखान्यात लागली आणि तिथेच रमली. हजारावर माणसं, तीन पाळ्या. हिच्या ताब्यात लॉकरची खोली. खोली कसली, दालनच. भिंतींना लोखंडी कपाटं, मध्ये लांब बाकं, दाराशी हिचं टेबल, आणि टेबलामागच्या फळीवर प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली खिळ्याला टांगलेली. कुणाची किल्ली घरी राहिली, कुणाची गटारात पडली, एकाची तर त्याच्या लेकीनं गिळली, सगळे हिच्याकडे. म्हणून तिचं नाव पडलं किल्लीबाई.

कुणाच्या कपाटात कसल्या गोळ्या आहेत, कुणी दुसरीकडे अर्ज लिहून ठेवलाय, कोण बायकोपासून लपवून सिगारेटी ठेवतं, हे सगळं तिला माहीत होतं. तिच्याकडून ते कधी बाहेर गेलं नाही. खोटं जमत नाही म्हणून ती गप्प राहायला शिकली होती. कारखान्यात तिच्या शब्दाला जे वजन होतं, ते यामुळे.

प्रत्येक कपाटावर पत्र्याची एक पट्टी खाचेत सरकवलेली असे. तिच्यावर काळ्या रंगात नाव, तेही हिच्याच हातचं. पाळीवर जाताना माणसं आपल्या पट्टीला बोट लावून जात. हे कुणी सुरू केलं, देव जाणे. पण बोट लावलं नाही तर मशीन रुसतं, असा सगळ्यांचा पक्का समज. लेथवरचे, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावरचे, सर्वांत जुने कारागीर, टर्नरमामा, तर तीनदा बोट लावत. "एक माझ्यासाठी, एक मशीनसाठी, एक साहेबाला बुद्धी यावी म्हणून." तेव्हा ज्याची नोकरी जुनी, त्याचं नाव जास्त पुसट, असा तिथला हिशेब होता.

त्या वर्षी कंपनीचे मालक बदलले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले चार सल्लागार आले आणि वह्या घेऊन मशीनांमधून फिरू लागले. मग सूचनाफलकावर पत्र लागलं: आपण सारे एक कुटुंब आहोत. टर्नरमामांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कुटुंब म्हणायला लागले की समजावं, वाटणी जवळ आली."

सगळे हसले. पण ते शेवटचंच हसणं. नंतर माणसं अंगात ताप घेऊन कामाला येऊ लागली. रजा घेतली आणि तेवढ्यात आपलं नाव निघालं तर? डबा खाताना एकमेकांशेजारी बसणारे आता एकेकटे, भिंतीकडे तोंड करून बसत. शेजारच्यानं किती नग काढले हे लोक चोरून बघत. कुणी हळूच कपाटातला आपला कप, आपला आरसा घरी नेऊन ठेवला. जो तो हिच्या टेबलाशी येऊन विचारी, "किल्लीबाई, काही कळलं?" हिचं उत्तर एकच, "नाही बाबा." आणि ते लोकांना पटे.

एका शनिवारी, रविवारच्या सुट्टीसाठी कारखाना बंद झाल्यावर, ती माझ्याकडे आली ती एक जड पिशवी घेऊन. टेबलावर तिनं पट्ट्या ओतल्या. चौतीस.

"अगं, हे काय घेऊन आलीस?"

"ज्यांची नावं पार पुसलीत ना, त्यांच्या आणल्यात. नवीन रंगवते. सोमवारी आले आणि आपलं नाव ठसठशीत दिसलं, की बरं वाटेल गं त्यांना. फार पडेल चेहऱ्यानं फिरतात सगळे."

मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच चष्मा शोधला. दौऱ्यांवर असताना पडदे रंगवणाऱ्यांकडून मी अक्षरं काढायला शिकले होते. रविवार आम्ही दोघी बहिणींनी त्या टेबलावर घालवला. तिची अक्षरं शाळेच्या फळ्यावरच्यासारखी सरळ. माझ्या अक्षरांना जरा वेलांट्या जास्त. ती म्हणाली, "ताई, हे वेल्डर आहेत, राजे नाहीत." मी म्हटलं, "आज असू देत." रंगही मी सढळ हातानं दिला, त्यामुळे तो लवकर वाळेना. सोमवारी पहाटे ती पट्ट्या न्यायला आली ती थांबली, पंख्याखाली पट्ट्या पसरल्या, आणि नेहमीपेक्षा तासभर उशिरा निघाली. थांब म्हणणारी मीच. ते आठवलं की अजून मनाला लागतं.

पहिली पाळी सहाला आली. आणि त्यांना दिसलं, की चौतीस कपाटांवरच्या पट्ट्या गायब आहेत. सगळ्या जुन्या, वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांच्या. किल्लीबाईंची खुर्ची रिकामी.

आणखी काय सांगायला हवं होतं? सगळ्यांना वाटलं, यादी लागली. कंपनीनं पत्र द्यायचेही कष्ट घेतले नाहीत, नुसती नावं उपटून टाकली.

ही पोचली तेव्हा खोलीत माणसं नुसती उभी होती. हिनं घाईघाईनं कागदाची गुंडाळी सोडली. "अहो, रंगवायला नेल्या होत्या! हे बघा ना!"

कुणी बघेना. तारा गुंडाळण्याच्या विभागातली एक बाई म्हणाली, "आम्हाला काय कुक्कुलं बाळ समजलात? ओरडा झाला म्हणून परत आणल्यात. उद्या पुन्हा काढाल."

"मी कशाला काढीन?"

"सांगितलं असेल वरून. तुम्हालाही पोट आहे."

टर्नरमामा कुठे दिसेनात. कुणीतरी सांगितलं, त्यांनी कपाट रिकामं केलं, कामाची डांगरी घडी करून पिशवीत घातली आणि घरी गेले. हिनं एकेक पट्टी खाचेत सरकवली. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं खरं कुणाला खरं वाटत नव्हतं.

तासाभरानं वरून बोलावणं आलं. माणसांचा कारभार बघणारे साहेब वयानं हिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हिला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. "बाई, तुम्हाला यादी कुणी दाखवली?"

"कसली यादी?"

"चौतीसपैकी एकोणीस नावं बरोबर कशी निघाली मग?"

बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही खाली जा. सांगा, की पट्ट्या रंगवायला नेल्या होत्या आणि कुणाचीही नोकरी जात नाहीये. तुमचं ऐकतात ते."

"पहिलं सांगते. दुसरं तुम्ही सांगा."

"मला ते सांगता येणार नाही."

"मग मला कसं येईल, साहेब?"

"बाई, खाली तुमचंही एक कपाट आहे, हे विसरू नका."

हा दम होता की कीव, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आहे की. दाराजवळचं." आणि जिना उतरली. जिन्यात मात्र कठड्याला धरून दोन मिनिटं उभी राहिली. घरी तिचे आजारी यजमान, आणि पगार एकटीचा. गप्प राहणं सोपं होतं. ते तिला चांगलं जमतही होतं. पण आज गप्प राहिलं तर तेही खोटंच झालं असतं.

दुपारी दोनला पाळी बदलते. जाणारे आणि येणारे, दोन्ही पाळ्या त्या खोलीत असतात. ही चपला काढून बाकावर चढली. माझी बहीण, जिला एक वाक्य बोलता आलं नव्हतं!

"पट्ट्या मी रंगवायला नेल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. न विचारता नेल्या ही माझी चूक. माफी मागते."

मग तीच तारा गुंडाळणारी म्हणाली, "एवढंच सांगा. यादी आहे का?"

"आहे."

"कुणाकुणाची नावं?"

"बघितली नाही. विचारलीही नाही. विचारली असती तर तुमच्या तोंडाकडे बघता आलं नसतं मला."

तिला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. झाला नाही. सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखं काहीतरी झालं. मागून एक जण म्हणाला, "यादीचं सांगितलं, म्हणजे रंगाचंही खरं असणार." दुसऱ्यानं बोट वर केलं. "खरंच आहे. मघाशी सवयीनं हात लावला, हे बघा, काळं झालं!" आणि मग पाच-सहा जणांनी आपापली काळी बोटं दाखवली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं. हसून झाल्यावर दोन्ही पाळ्या मिळून साहेबांच्या जिन्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाही, काही नाही. "यादी आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायची आहे," एवढाच निरोप वर पाठवला. दहा मिनिटं थांबल्या, आणि मग एक पाळी कामाला गेली, एक घरी.

संध्याकाळी ही टर्नरमामांच्या घरी गेली. मामींनी दार उघडलं आणि कुजबुजल्या, "ते घरात नाहीत असं सांगा म्हणालेत. आत बसलेत." मामा खिडकीशी बसले होते. समोर पिशवी, तिच्यातून साबणाची डबी आणि मोजायची पोलादी फूटपट्टी डोकावत होती.

"बसा," ते म्हणाले. "तुमचा राग नाही. हुकूम असतो, त्याला तुम्ही काय करणार."

"हुकूम नव्हता, मामा. तुमचं नाव काल माझ्या बहिणीच्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी रंगवलं. तिनं जरा जास्तच वेलांट्या काढल्यात."

"खरं?"

"मी तुमच्याशी कधी खोटं बोलले?"

त्यांनी डोकावणारी साबणाची डबी पिशवीत आत ढकलली. मग म्हणाले, "मी यादीत आहे?"

"यादी आहे. तुम्ही आहात की नाही, मला माहीत नाही. उद्या कामावर या आणि साहेबांना तोंडावर विचारा."

"आणि असलो तर?"

"असलात तर असलात. पण एका रिकाम्या खाचेवरून काय ठरवता? सव्वीस वर्षं काढलीत तिथे. सांगायचं तर माणसानं समोर बसून सांगावं, तुम्ही उलटून चार शब्द सुनवावेत."

मामी दारातून म्हणाल्या, "चार? मला ठाऊक आहेत किती सुनवतील ते." मामांनी पिशवी पायानं बाजूला सारली. "चहा टाका," ते म्हणाले, "बाईंसाठी."

मंगळवारी मामा सहाला हजर होते. साडेसहाला साहेब खाली आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. दार कुठल्या बाजूला उघडतं हेही त्यांना कळेना. त्यांनी सांगितलं, की एक्याऐंशी जणांना महिन्याभरात जावं लागेल, शुक्रवारपर्यंत प्रत्येकाला ते स्वतः बोलावून सांगतील, आणि तोवर कुणी कशावरूनही अंदाज बांधू नये. सर्वांत आधी वर गेले टर्नरमामा. ते यादीत होते. काय बोलणं झालं ते मामांनी सांगितलं नाही, पण साहेबांचा चहा तसाच गार झाला होता म्हणतात.

माझ्या बहिणीचं नाव यादीत नव्हतं. हे सांगताना ती अजून मान खाली घालते. सगळे तिच्यावर खूश होते असंही नाही. पंखे खोक्यात भरण्याच्या विभागातली एक बाई नोकरी सोडून जाताना तिला म्हणाली, "गप्प राहिला असतात तर चार दिवस तरी सुखानं झोपले असते मी." पुढे तीन महिने, तिला दुसरीकडे काम लागेपर्यंत, ही दर रविवारी तिच्या घरी जात असे.

मामांनी त्या महिन्यात सुट्टी घेतली नाही. लेथचा प्रत्येक खाचखळगा त्यांनी लिहून ठेवला, कुठे हळू हाकायचं, कुठे दामटायचं. आणि साहेब दर सोमवारी पाळी बदलताना खाली येऊन बाकावर उभे राहू लागले. लोक वाटेल ते विचारत. मामांच्या शेवटच्या सोमवारी कुणीतरी विचारलं, "साहेब, दुसरी यादी येणार आहे का?"

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. आजूबाजूला बघितलं. मग पुटपुटले, "माहीत नाही. कळलं की पहिलं इथे येऊन सांगेन."

मागच्या भिंतीशी टर्नरमामा हाताची घडी घालून उभे होते. "मोठ्यानं बोला, साहेब! मागं ऐकू येत नाही!"

आणि साहेबांनी तेच वाक्य पुन्हा, चांगलं छाती भरून, शेवटच्या कपाटापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.